पेटीचा हात, पियानोची पट्टी

पेटीवर तयार झालेला हात पियानोवर हमखास फसतो. पेटीत जोर भात्याचा; पट्टी धरून ठेवली तरी सूर वाढवता-घटवता येतो. पियानोची पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. तेवढ्यात हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे पट्टीच्या ताब्यातून सुटते. नंतर बोट कितीही दाबा, मनगट कितीही घुसळा, तो सूर मोठा होत नाही. (मैफलीत घुसळतात बरेच जण. दिसतं छान!) हातात उरतं ते सूर सोडणं, नाहीतर पेडलवर धरणं. म्हणून सैल मनगट, हाताचं वजन आणि तोच स्वर दहा वेळा तितक्याच हलकेपणाने काढायचा संथ रियाज.

कोलकात्यात मुलाला पियानो शिकवायचा असेल, तर कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक १९१५ पासून आहे. घरच्या रियाजाला, शहरालगतच्या न्यू टाउनमधल्या फ्लॅटमध्ये मात्र हेडफोन लावून डिजिटल पियानोच सोयीचा. घेताना ८८ वजनदार पट्ट्यांचा घ्या. हलक्या कीबोर्डवर हात बसत नाही. खरा पियानो असेल, तर तिथल्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. मुलाला रागवण्याआधी ट्यूनरला बोलवा.