वॉलपेपरसुद्धा हलणार नाही

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा एक गाळा. काउंटरवर लॅपटॉप ठेवता ठेवताच मॅडम विचारतात, ‘‘दादा, सगळं जसंच्या तसं राहील ना? टॅली, फाइली, सगळं?’’ काउंटरमागचा कारागीर मान वर न करता म्हणतो, ‘‘वॉलपेपरसुद्धा हलणार नाही.’’

लॅपटॉप सात वर्षांचा. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन होतो. दोष आतल्या हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना लागणारे हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. प्रत्येकासाठी हेडने धावत जायचं आणि तबकडी फिरून समोर येण्याची वाट बघायची. तिच्या जागी बसणार असलेल्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. खोक्यावर सेकंदाला ५०० एमबीचा आकडा मिरवतात, पण रोजच्या कामात जाणवतं ते ही वाट बघणं संपलेलं.

कारागीर आधी जुन्या डिस्कची तब्येत बघतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत निळा चौकोन, म्हणजे ठीक. पिवळा असता तर आधी कामाच्या फाइली बाहेर काढल्या असत्या; मरायला टेकलेल्या डिस्ककडून तासभर सलग वाचून घेणं म्हणजे आजाऱ्याला जिने चढायला लावणं. मग मापं. जुनी १ टीबी, नवी ५०० जीबी, भरलेली जागा ३१० जीबी. बसतंय. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर बंद आहे ना, हेही तो बघून घेतो. ते राहून गेलं तर नंतर ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते, आणि ती कुठे लिहून ठेवलीय हे गिऱ्हाइकाला कधीच आठवत नाही.

यूएसबी केबलला एसएसडी लावून क्लोनिंग सुरू. सेकंदाला ८० एमबीच्या आसपास, तासाची निश्चिंती.

सी ड्राइव्हबरोबर न दिसणारे कप्पेही जातात. त्यातला ईएफआय पार्टिशन जेमतेम १०० एमबीचा, पण विंडोज सुरू करून देणारी फाइल त्याच्याच पोटात. नुसतं कॉपी-पेस्ट करून विंडोज हलत नाही, ते बरंचसं याच्यामुळे.

दहा स्क्रू निघतात. जुनं सिमकार्ड फटीतून सरकवत तो झाकण टकटक सोडवतो, पहिल्यांदा बॅटरीचा प्लग काढतो आणि मग डिस्क. दोन्ही डिस्क एकदम जोडून ठेवायच्या नाहीत, यावर तो ठाम आहे. घरी करणारे इथेच फसतात: एसएसडी बसवल्याच्या आनंदात असतात आणि मशीन चालत असतं जुन्या डिस्कवरूनच!

नवी बसते. बटण. काळा पडदा, बूट डिव्हाइस सापडत नाही.

मॅडमचा चेहरा पडतो. कारागीर पेनड्राइव्ह शोधतो. क्लोन करताना कप्प्याचा ओळख क्रमांक बदलला, मदरबोर्ड अजून जुनाच धरून बसलाय. पेनड्राइव्हवरून बूट करून तो बीसीडीबूटची एकच ओळ टाइप करतो. पुन्हा बटण. ठिपके गोल फिरतात न फिरतात तोच पडद्यावर मखरासमोर बसलेला नातू.

‘‘टॅली उघडा,’’ मॅडम म्हणतात. उघडतं.

जुनी डिस्क तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो. ‘‘फॉरमॅट करून नाही देत का?’’ ‘‘महिनाभर अशीच ठेवा. कपाटात.’’