रेझिन चिकट राहिलं? आधी कारण ओळखा, मग हात लावा

आजचा भाग इपॉक्सी रेझिनवर. लग्नातली वरमाला रेझिनमध्ये जपून द्यायचं काम आता बरेच जण घरून करतात. कोस्टर बिघडला तर दुसरा ओतता येतो, पण ती फुलं परत कुठून आणणार? म्हणून आज नेहमीच्या तक्रारी एकेक करून बघू.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. रेझिन 'वाळत' नाही. रंगातून थिनर उडून जातं, तसं इथे काही उडत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन दोन्ही मिळून घट्ट होतात. त्यामुळे पंखा लावून काही साधत नाही.

सगळंच चिकट राहिलं: बहुतेक वेळा प्रमाण चुकलेलं असतं. बाटलीवर 2:1 असेल, तर ते मापाने की वजनाने, हे वाचा. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलकं असतं, म्हणून दोन्ही हिशेब सारखे येत नाहीत. 'लवकर घट्ट होईल' म्हणून हार्डनर जास्त घालू नका. जास्तीच्या हार्डनरला जोडीला रेझिनच उरत नाही आणि तुकडा मऊ राहतो. थंडीचे दिवस असतील तर उबदार खोलीत आणखी एक-दोन दिवस थांबा. तरीही चिकट असेल, तर तो थर खरवडून काढायलाच हवा. वरून नवा थर दिला तरी खालचं कच्चंच राहतं.

मधेमधे चिकट ठिपके: म्हणजे माप बरोबर आहे, ढवळणं कमी पडलंय. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा.

बुडबुडे आणि काळी पडलेली फुलं: फुलांत ओल राहिली की रंग जातो. सिलिका जेलमध्ये फुलं पूर्ण कोरडी होऊ द्या. ओतण्याआधी पाकळ्यांना ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते.

कप तापला, धूर आला: ही क्रिया उष्णता सोडते. मिश्रण जितकं जास्त आणि जाड, तितकी ती आत कोंडते. मग तडे जातात, पिवळेपणा येतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तर हे फारच पटकन होतं. जाड कामाला कास्टिंगचं रेझिन घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा मोठा थर ओतू नका. कपातून धूर यायला लागला, तर तो जपून बाहेर मोकळ्या जागी ठेवा.

पावसाळ्यात मेणचट थर: हवेतल्या दमटपणामुळे काही हार्डनर असा थर सोडतात. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलंत तर तो थर आणखी पसरतो आणि पुढचा हात नीट धरत नाही.

आणि हो, नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. कच्चं रेझिन वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा कायमची राहते.

कोणाची वरमाला हातात घेण्याआधी त्याच बाटलीतलं थोडं रेझिन, त्याच खोलीत, दोन वाळक्या पाकळ्यांवर ओतून बघा. दोन दिवस जास्त लागतील, लागू देत. चला, भेटू पुढच्या भागात!