शिंपल्यातली पाणसळ : डेव्होनियन प्रवाळभित्ती कशी वाचायची?

प्रवाळभित्ती म्हटलं की निळंशार पाणी डोळ्यांपुढे येतं. आजची भित्ती मात्र कोरड्या माळावर उभी आहे. वायव्य ऑस्ट्रेलियात कॅनिंग खोऱ्याच्या उत्तर काठावर नेपियर रेंज नावाची चुनखडकाची बुटकी डोंगररांग आहे. सुमारे ३७-३८ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, ती समुद्रात वाढत होती. लेनार्ड नदीने ती आरपार कापली आणि विंजाना घळई तयार झाली. त्यामुळे आपल्याला भित्तीचा उभा छेदच पाहायला मिळतो.

तिथे तीन गोष्टी दिसतात. उथळ खाजणातले आडवे थर. मग भित्तीचा गाभा, ज्यात थर जवळजवळ दिसतच नाहीत. आणि पुढे खोऱ्याच्या दिशेने तीव्र उतरणारे, तुटक्या तुकड्यांचे थर.

आता प्रश्न असा, की हा उतार मुळातला की नंतर जमीन कलल्यामुळे आलेला? फिलिप प्लेफोर्ड या भूवैज्ञानिकाने इथे अनेक वर्षं काम केलं. उत्तर मिळतं ते शिंपल्यात. बंद शिंपल्यात थोडा चिखल शिरतो, तळाशी बसतो, त्याचा पृष्ठभाग सपाट होतो. वरच्या पोकळीत नंतर पांढरे कॅल्साइट भरतं. म्हणजे ही गवंड्याची पाणसळच झाली! थर तिरपे, पण चिखलाची रेघ आडवी, तर उतार मुळातलाच. रेघ १० अंश कललेली असेल, तर तेवढा कल वजा करायचा. इथले अनेक उतार ३० अंशांहून जास्त आणि मुळातलेच निघाले. मग भित्तीचा माथा आणि उताराचा पायथा यांच्या उंचीतला फरक मोजला, की त्या काळच्या समुद्राच्या खोलीचा अंदाज येतो.

दुसरा मुद्दा बांधणाऱ्यांचा. यात प्रवाळांपेक्षा मोठा वाटा होता तो स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाच्या स्पंजांचा आणि सूक्ष्मजीवांचा. सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वी मोठा जीवसंहार झाला. हे स्पंज आणि प्रवाळ जवळपास दिसेनासे झाले, पण चुनखडक साचतच राहिला, कारण सूक्ष्मजीव टिकले होते.

म्हणून लांबून कडा पाहून ‘भित्ती वाचली’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. कड्याजवळ जाऊन, भिंग लावून, प्रत्येक थरात कोण होतं ते पाहावं लागतं. आजच्या प्रवाळभित्तींबद्दल बोलतानाही हा फरक लक्षात ठेवायला हवा : नुसता चुना टिकला म्हणजे तिथलं जीवन टिकलं, असं होत नाही.