गाडी बुक केली, आता पुढे काय?

विजेची मोटार घ्यायची म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग वाट पाहायची, असे आज बहुतेक ठिकाणी चालते. दुकानात गेलो, गाडी पसंत केली आणि चालवत घरी आणली, असे थोड्यांच्याच नशिबी येते. कुणाला महिनाभर थांबावे लागते, कुणाला चार-सहा महिने. या दिवसांत माणूस काय करतो? दुकानदाराला रोज फोन करतो आणि घरात चिडचिड करतो. दोन्हींनी गाडी लवकर येत नाही. पण थांबण्याच्या या दिवसांत करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. ती कोणती, ते आपण पाहू.

थांबण्याची सवय तशी आपल्याला जुनीच आहे, बरं का. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ साली चेतक स्कूटर निघू लागली. तिचा नंबर लागायला कित्येकांना आठ-दहा वर्षे लागली. मुलगी शाळेत जात असतानाच जावयासाठी स्कूटरचा नंबर लावणारे बाप होते. (हुंड्याची ती रीत वाईटच, पण होती खरी.) त्या वेळी कारखान्याने किती गाड्या करायच्या, ते सरकारच्या परवान्यावर ठरे. १९९१ पासून ते परवान्याचे राज्य मोडत गेले. मग आज का थांबायचे?

एक कारण म्हणजे गर्दी. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्र कंपनीने आपल्या दोन नव्या विजेच्या गाड्यांची नोंदणी सुरू केली. या गाड्या चाकणला बनतात. एका दिवसात ३०,१७९ लोकांनी गाडी नोंदवली. कारखाना महिन्याला काही हजारच गाड्या काढणार. पंगतीला तीस हजार पाने मांडली आणि भाताचे पातेले एकच, तर शेवटच्या पानाला उशीर होणारच.

दुसरे कारण सुट्या भागांचे. गाडीत हजारो भाग असतात, आणि एक जरी आला नाही तरी गाडी कारखान्यातच उभी राहते. २०२१ साली नखाएवढ्या चिपचा साऱ्या जगात तुटवडा पडला, तेव्हा मोठमोठे कारखाने अडले. विजेच्या मोटारीला बॅटरीचे सेल लागतात, त्यांतले पुष्कळसे चीनमधून येतात. मोटरमध्ये जोरदार लोहचुंबक असतात. त्यांना लागणारे काही दुर्मिळ धातू आणि ते चुंबकही परवान्यावाचून बाहेर पाठवायचे नाहीत, असे चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी ठरवले. झाले! तिकडे कागद अडला की इकडे आपली गाडी अडली. दुकानदार म्हणतो, “वरून माल नाही.” तो दर वेळी खोटे बोलतो असे नाही. मात्र आपला नंबर कितवा आणि कोणत्या महिन्यात गाडी मिळेल, हे त्याच्याकडून लेखी मागावे. तोंडी तारखेला काही अर्थ नसतो.

आता पावतीकडे वळू. घरी नीट बसून ती वाचा. गाडीचा नमुना, रंग, भरलेली रक्कम, तारीख, एवढे तिच्यावर हवेच. नोंदणी रद्द केली तर पैसे किती आणि कधी परत मिळतील, तेही पाहा. बहुधा बारीक अक्षरांत एक वाक्य असते: गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जो भाव असेल तो लागू. म्हणजे मध्ये भाव वाढला तर वाढीव पैसे आपण द्यायचे. अक्षर बारीक असेल तर चष्मा लावा, पण वाचा. पैसे दुकानाच्या किंवा कंपनीच्या खात्यातच भरा. एखादा विक्रेता “माझ्या मोबाईल नंबरवर टाका” म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. पैसे अडकले आणि दाद लागेना, तर १९१५ हा सरकारी ग्राहक मदतीचा नंबर आहे. जिल्ह्याला ग्राहक आयोगही असतो.

कर्जाची गोष्ट फार जपून करावी. आमच्या तालुक्यात एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाने मुलासाठी विजेची टॅक्सी बुक केली. फंडाचे पैसे घातले, उरलेले कर्ज काढले. कर्ज देणाऱ्यांनी सगळी रक्कम लगेच दुकानदाराला देऊन टाकली. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला. गाडी आली चौथ्या महिन्यात. तीन हप्ते गेले, पण चाक एकदाही फिरले नव्हते. त्या तीन महिन्यांत घरातल्या पाटल्या गहाण पडल्या. मुलगा म्हणाला, “बाबा, सही करताना विचारायचं तरी!” पण सगळेच घाईत होते, विचारणार कोण? म्हणून कर्ज मंजूर करून ठेवावे, पण गाडी तयार झाल्यावर, तिचा चासिस नंबर घातलेले बिल आल्यावरच पैसे सोडावेत, असे बँकेला लेखी कळवावे. जुनी गाडी असेल तर तीही नवी दारात येईपर्यंत विकू नये.

सगळ्यांत मोठे काम घरच्या विजेचे. इथे जरा हिशेब करू. हजार वॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. लहान विजेच्या मोटारीची बॅटरी सुमारे ३० युनिटची धरा. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दहा तास, आणि थोडी वीज वाटेत वाया जाते म्हणून त्याहून थोडे जास्तच. रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत जवळजवळ भरते.

पण घराला एवढी वीज झेपेल का? विजेचे बिल काढा. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो एक-दोन किलोवॉट असेल, तर एकटी गाडीच तीन मागणार. वर फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर. तेव्हा भार वाढवून घेण्यासाठी आजच अर्ज करा. गाडीसाठी वेगळे कनेक्शनही मागता येते. २०२४ साली केंद्र सरकारने नियमांत तशी सोय केली आहे. चाळीत किंवा सोसायटीत राहत असाल, तर मंडळींशी आधी बोला.

मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत वेगळी जाड वायर आणि वेगळा स्विच हवा. गळती झाली की क्षणात वीज तोडणारा ब्रेकर हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. रात्रभर तापून तो पेट घेऊ शकतो. आणि अर्थिंग हवेच. पुष्कळ जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा असली तरी जमिनीपर्यंत पोचलेली नसते. शेगडी, पंखा त्यावर चालून जातात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल तर तांबडा दिवा लावून बसतो, वीज घेतच नाही. नवी गाडी दारात उभी, सगळा वाडा पाहायला जमलेला, आणि गाडी चार्ज होत नाही! अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, उन्हाळ्यात पाणीही घालावे लागते. परवाना असलेल्या वायरमनकडूनच हे काम करून घ्या. शेजारच्या पोराच्या हातून नको, मग तो कितीही हुशार असो.

गाडी तयार असल्याचा निरोप आला की दिवसाउजेडी जा. चासिस नंबर बिलाशी ताडून पाहा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. फार दिवस अंगणात उभी असेल तर मोठी बॅटरी तपासून घ्याच, पण या गाड्यांत बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते; ती उतरली की गाडी चालूच होत नाही. तिथेच चार्जर लावून दाखवायला सांगा. चार्जरची वायर, दोन किल्ल्या, बॅटरीच्या हमीचा कागद मागून घ्या. स्टेपनी आहे का तेही पाहा, काही गाड्यांत नसते. नंबराशिवाय गाडी घरी आणू नका. घरगुती विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते आणि तिच्यावर अक्षरे पांढरी. टॅक्सीची असेल तर अक्षरे पिवळी. करात कोणती सवलत मिळाली, ते बिलावर दाखवायला सांगा.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री मीटरचा आकडा वहीत लिहा आणि चार्जर लावा. अर्ध्या तासाने प्लगजवळ हाताची पालथी बाजू न्या. फार गरम लागले तर स्विच बंद करून वायरमनला बोलवा. ठीक असेल तर झोपा. सकाळी पुन्हा मीटरचा आकडा लिहा. दोन आकड्यांतला जो फरक, त्यातून रात्री घरात एरवी जळते तेवढी वीज वजा करा आणि उरलेल्याला बिलावरच्या दराने गुणा.