दंतशस्त्रक्रिया

दंतशस्त्रक्रिया : दात, हिरड्या आणि दातांना आधार देणारे जबड्याचे हाड यांच्या विकारांवर शस्त्रक्रियेने केल्या जाणाऱ्या उपचारांस दंतशस्त्रक्रिया म्हणतात. यांपैकी बहुतेक शस्त्रक्रिया लहान असून रुग्णास त्याच दिवशी घरी जाता येते. तथापि तोंडात जंतूंचे वास्तव्य कायम असते, जबड्यातून महत्त्वाच्या तंत्रिका (मज्जा) जातात आणि श्वसनमार्ग अगदी लगत असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी व नंतरची काळजी यांचे महत्त्व प्रत्यक्ष शस्त्रक्रियेइतकेच आहे.

संवेदनाहरण : वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासात दंतवैद्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन दंतवैद्य हॉरिस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनी १८४६ मध्ये बॉस्टन येथे शस्त्रक्रियेसाठी ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखविला. विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४ मध्ये कोकेनचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) करून खालच्या जबड्याची तंत्रिका बधिर केली. नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेले लिडोकेन हे औषध आजही सर्वत्र वापरले जाते. रक्तवाहिन्यांचे आकुंचन करणारे ॲड्रेनॅलीन त्यात अल्प प्रमाणात मिसळल्यास बधिरता अधिक काळ टिकते व रक्तस्राव कमी होतो.

दंतोत्पाटन : दात काढणे ही सर्वांत अधिक केली जाणारी दंतशस्त्रक्रिया होय. दात हाडाच्या खोबणीत सूक्ष्म तंतूंनी बांधलेला असतो. उत्थापक या हत्याराने हे तंतू सैल करतात व नंतर चिमट्याने दात हलवून खोबण रुंदावून तो बाहेर काढतात. रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी जमते. तिच्यातच पुढे नवे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) व हाड तयार होत असल्याने ती टिकविणे आवश्यक असते. याकरिता अर्धा तास जंतुरहित कापडाची घडी दाताखाली दाबून धरतात. पहिले २४ तास चूळ भरणे, थुंकणे व धूम्रपान वर्ज्य असते. गुठळी निसटल्यास वा विरघळल्यास हाड उघडे पडते आणि दोनतीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र वेदना सुरू होते. या अवस्थेस शुष्क खोबण म्हणतात. खोबण धुऊन तीत औषधी पट्टी ठेवल्याने आराम पडतो.

अक्कलदाढ : ही दाढ साधारणतः १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा अपुरी असल्यास ती आडवी वा तिरपी अडकते. तिच्यावरील हिरडीखाली अन्नकण साठून सूज येते व शेजारची दाढ किडते. अशा वेळी हिरडीचा पडदा उचलून, थोडे हाड कोरून व दाढेचे तुकडे करून ती काढतात. खालच्या दाढेची मुळे तंत्रिकेला चिकटून असू शकतात. तंत्रिकेस इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होतात. म्हणून आधी क्ष-किरण चित्रण करतात.

गळू : किडीचा संसर्ग मुळाच्या टोकाशी पोहोचल्यास तेथे पू साठतो. छेद घेऊन पू वाहू देणे व कारणीभूत दातावर उपचार करणे हाच मुख्य उपाय होय. केवळ प्रतिजैविक औषधे पुरेशी नसतात. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली दोन्ही बाजूंस पसरल्यास जीभ वर उचलली जाऊन श्वासमार्ग बंद पडू शकतो. या विकाराचे वर्णन जर्मन वैद्य व्हिल्हेल्म लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. गिळताना त्रास, तोंड न उघडणे व गळ्यावर घट्ट सूज ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.

दात वाचविणाऱ्या व बसविणाऱ्या शस्त्रक्रिया : दंतमूलोपचार अयशस्वी झाल्यास हाडातून मुळाचे सु. ३ मिमी. टोक कापून तेथील पोकळी मागील बाजूने बंद करतात. हिरड्यांच्या जुनाट रोगात हिरडी उचलून मुळांवरील कीटण खरवडतात. गेलेल्या दाताच्या जागी हाडात टिटॅनियमचा खिळा रोवून त्यावर कृत्रिम दात बसविता येतो. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये माणसावर प्रथम असे रोपण केले. खिळा हाडाशी एकजीव होण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात.

पूर्वतपासणी : मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, रक्तस्रावी विकार व गर्भारपण यांची माहिती आधी देणे आवश्यक असते. रक्त पातळ ठेवणारी औषधे रुग्णाने आपल्या मनाने थांबविल्यास दात काढताना होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा गंभीर धोका संभवतो. हाडांच्या ठिसूळपणावरील वा कर्करोगावरील काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून लक्षात आले आहे. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंड आखडलेल्या रुग्णांत साधे दंतोत्पाटनही अवघड होते.