मेजावरची लढाई



दिवाळी आली की आपल्याकडची पोरं माती, दगड, गोणपाट जमवून अंगणात किल्ला करतात. उतारावर अळीव पेरतात, बाजारातून मातीचे मावळे आणतात, आणि महाराजांना वर सिंहासनावर बसवतात. किल्ला पुरा झाला की मावळे जागच्या जागी उभे राहतात ते भाऊबीज होईपर्यंत. पण समजा, एखाद्या मुलानं ठरवलं की हे मावळे चालवायचे. एका फेरीत मावळा एक वीत चालेल, घोडेस्वार दोन विती. समोरून शत्रू आला तर निकाल फाशानं लावायचा. मग तो किल्ला नुसता शोभेचा राहणार नाही, तो खेळ होईल.

असले खेळ इंग्लंड-अमेरिकेत मोठी माणसं खेळतात, आणि त्यांचे मेळावे भरतात. चांगले पोक्त गृहस्थ, कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी पेन्शनर, इंच-इंच उंचीचे रंगवलेले शिपाई पेटीत घालून शेकडो मैल येतात. हा काय पोरखेळ, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, कारण या खेळातून मला माझ्या स्वतःच्या शिकवण्यातली एक उणीव सापडली.

आधी थोडा इतिहास पाहू. आपलं बुद्धिबळ हाही मुळात लढाईचाच खेळ. चतुरंग म्हणजे सेनेची चार अंगे. पण बुद्धिबळाच्या पटावर टेकडी नाही, चिखल नाही आणि प्याद्याला भीतीही वाटत नाही. १८२४ साली प्रशियातील राइसविट्स नावाच्या लेफ्टनंटने नकाशावर खेळायचा युद्धखेळ लष्करापुढे मांडला. त्यात फासे होते आणि एक पंच होता. तुमच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच तुम्हाला सांगणार. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांनी लढायचे नियम दिले. त्याच्या तोफा स्प्रिंगच्या असत आणि नेम लागून शिपाई पडला की तो मेला. त्याच पुस्तकाच्या अखेरीस, खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे अशा खेळातूनच कळते, असा विचार त्याने मांडला. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

मेळाव्यांची प्रथा मात्र त्यानंतरची. डोनाल्ड फेदरस्टोन हा स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात नोकरी केलेला गृहस्थ. त्याने १९६१ साली साउदॅम्प्टन येथे अशा खेळाडूंचा मेळावा भरवला आणि १९६२ साली या छंदावर पुस्तक लिहिले. अमेरिकेत १९६८ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्सने एक सभागृह भाड्याने घेऊन 'जेन कॉन' भरवले. ते आज फार मोठे संमेलन झाले आहे. लंडनमध्ये १९७२ पासून 'सॅल्यूट' नावाचा मेळावा भरत आला आहे, आणि ऐतिहासिक लढायांसाठी अमेरिकेत 'हिस्टॉरिकॉन' प्रसिद्ध आहे.

या मेळाव्यांत साधारण तीन तऱ्हेचे खेळ असतात. पहिला नुसता पाहायचा. मंडळाने महिनोन्‌महिने खपून देखावा केलेला असतो, ते आपसात खेळतात, आपण भोवती उभे राहून विचारायचं. दुसरा स्पर्धेचा, दोघे समोरासमोर, जिंकेल तो पुढच्या फेरीत. तिसरा मात्र वाटसरूसाठी असतो. कुणीही यावं, खुर्ची ओढून बसावं, यजमान नियम सांगेल. अमेरिकेत हा तिसरा प्रकार फार पद्धतशीर चालतो. खेळ चालवणारा आधीच कळवतो की अमुक लढाई, अमुक वेळ, इतके खेळाडू, नवशिके चालतील की नाही. ते कार्यक्रमपत्रिकेत छापून येतं. एका खेळाला बहुधा चार तास.

आता चार तासांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा माणसांना, नियम शिकवून, लढाई लढवून, निकाल लावून मोकळं करायचं, हे काम सोपं नाही बरं का! वर्गात तास घेण्यासारखंच ते आहे. कसं, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे इंग्लंडला गेलो होतो. त्याच्या गावच्या नगरभवनात असा एक मेळावा होता. हिंडता हिंडता एका मेजापाशी पाय थबकले. सहा फूट लांब, चार फूट रुंद मेज, त्यावर मातकट कापड, कापडावर दोन निळ्या नद्या एकमेकींना मिळताहेत, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'असई, १८०३'. अहो, आपल्या जालना जिल्ह्यातलं असई! दोन नद्या म्हणजे आपली केळणा आणि जुई. मेजाचा यजमान एक निवृत्त पोस्टमन होता. त्यानं विचारलं, "खेळणार का?" आणि मी काही बोलायच्या आत मराठ्यांचं घोडदळ माझ्या हवाली केलं.

लढाई आपल्याला माहीत आहे. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा, कवायती कंपूंची सूत्रे पोलमान नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे, शंभराच्या आसपास तोफा. दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्ली, पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तो, सात हजारांच्या आसपास सैन्य घेऊन. वाटाडे म्हणत, नदीला इथं उतार नाही. पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहून वेलस्लीने ताडले की या गावांत जाण्यायेण्याची वाट असणारच. तिथून तो उतरला. कंपूंनीही झटकन तोंड फिरवून त्याच्यासमोर नवी फळी धरली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली.

ही लढाई खेळात बसवताना यजमानापुढे तीन पेच होते.

पहिला पेच असा की उतार कुठे आहे हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक. मग वेलस्लीची परीक्षा काय राहिली? म्हणून त्याने नदीकाठी तीन ठिकाणी पत्ते पालथे ठेवले होते. उतार कोणत्या पत्त्याखाली ते फक्त त्याला माहीत. इंग्रज खेळाडूला वेळ खर्चून टेहळे पाठवावे लागत.

दुसरा पेच. त्या दिवशी इंग्रजांची उजवी बाजू चुकून असई गावाच्या रोखाने भरकटली आणि तोफांच्या माऱ्यात तिची धूळधाण झाली. खेळाडूला मोकळं सोडलं तर जाणूनबुजून ही चूक कोण करील? आणि सक्ती केली तर त्याला करायला उरलं काय? तेव्हा यजमानानं दर फेरीला फासा टाकायला लावला. एक पडला तर ती पलटण गावाकडे सरकणार.

तिसरा पेच माझ्या वाट्याचा. मराठ्यांचं घोडदळ प्रचंड होतं, आणि ते त्या दिवशी जवळजवळ स्वस्थ राहिलं. आता मेळाव्यातला पहिला नियम असा की एकाही खेळाडूला रिकामं बसवू नये. तो लांबून आला आहे, त्याचा दिवस फुकट जाता कामा नये. पण घोडदळ हवं तसं धावू दिलं तर ती असईची लढाई राहात नाही. त्याने तोड काढली. घोडदळ हलवायला फाशावर पाच किंवा सहा हवेत, तिसऱ्या फेरीनंतर चारही चालतील. आणि तोवर माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून असई गावातली शिबंदी आणि तोफाही माझ्याकडे दिल्या.

खेळणं तसं सोपं होतं. आपली फेरी आली की मोजपट्टीने अंतर मोजायचं. पायदळ सहा इंच, घोडेस्वार बारा. मारा करायचा तर टप्पा मोजून फासे टाकायचे. पण किती मेले यापेक्षा महत्त्वाचं असतं ते किती टिकले. मार बसलेल्या पलटणीच्या धीराचा फासा वेगळा. तो वाईट पडला तर पुष्कळ माणसं शाबूत असूनही पलटण मागे फिरते. खऱ्या लढाईत असंच होतं, म्हणून हा नियम.

आणि मी काय केलं म्हणता? पहिल्याच फेरीला दहा मिनिटं विचार करीत बसलो. बाकीचे पाच जण छताकडे पाहताहेत. यजमान हळूच म्हणाला, "साहेब, वेलस्ली तुमच्यासाठी थांबणार नाही," आणि त्यानं माझ्यापुढे वाळूचं घड्याळ ठेवलं. चूक माझीच होती. मेळाव्यात वेळ सगळ्यांची असते. शिवाय मी एका स्वाराला भाल्याला धरून उचलला. तेव्हा शेजाऱ्यानं सांगितलं की मूर्ती नेहमी तळाच्या पट्टीला धरावी, भाला वाकतो. आणि ती दुसऱ्याची असेल तर आधी विचारावं. मेजावर चहाचा कप ठेवू नये हे तर सांगायलाच नको.

घोडदळाचा फासा मी तीनदा टाकला. दोन, तीन, एक. समोर कंपूंवर संगिनी चालून येताहेत आणि माझे स्वार कापडाच्या कडेला उभे! मला संताप आला. चौथ्या फेरीला चार पडले, घोडी निघाली, पण इंग्रजांची फळी तोवर तोफांना भिडली होती. तेवढ्यात वेळ संपली. यजमानानं मोजदाद केली आणि जाहीर केलं, जमीन इंग्रजांकडे गेली, पण त्यांची हानी इतिहासातल्यापेक्षा जास्त झाली, म्हणून खेळ मराठ्यांचा! दुबळ्या किंवा हरलेल्या बाजूला नेहमी असं वेगळं उद्दिष्ट द्यावं लागतं. नाहीतर हरायला कोण बसेल?

सर्वांनी हस्तांदोलन केलं, यजमानाचे आभार मानले आणि शिपाई पेटीत भरायला हातभार लावला. हाही रिवाजच आहे.

परतताना माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. वीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की 'असईच्या लढाईत मराठ्यांचे घोडदळ स्वस्थ राहिले.' मुलं ते लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, मी गुण देतो. त्या वाक्यात एक प्रश्न दडला आहे हे मला कधी जाणवलंच नाही. का स्वस्थ राहिले? हुकूम पोचला नाही? हुकूम देणारा कोण होता? नदी, नाले, तोफांचा धूर यातून त्यांना काय दिसत होतं? फाशानं उत्तर मिळतं असं नाही हो. तो आकडा यजमानाने अंदाजानेच ठरवला होता, आणि तसं तो बोललाही. पण प्रश्न मात्र मिळाला. आपण इतिहास निकालाच्या टोकाकडून शिकवतो. जे झालं ते होणारच होतं, असं मुलाला वाटू लागतं. मेजाशी उभं राहिलं की कळतं, त्या दिवशी सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं.

शिक्षकबंधू-भगिनींनो, हे आपल्या शाळेतही करता येईल. महागड्या मूर्ती नकोत. दोन बाकं जोडून त्यावर जुनी चादर, खाली पुस्तकं सारून टेकड्या, निळ्या दोऱ्याची नदी, शिपाई म्हणून चिंचोके आणि खडे, दोन फासे, एक फूटपट्टी. नियम एका पानात मावतील एवढेच. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या, त्यावर तू कोण, तुला काय दिसतं, तुला काय साधायचं आहे, एवढं लिहा. कुणाला रिकामं ठेवू नका. पंच तुम्ही व्हा, आणि पंचाने कुणाचा पक्ष घेऊ नये. शेवटची दहा मिनिटं खेळ थांबवून विचारा, खरं काय घडलं आणि आपलं वेगळं का झालं? आधी घरी एकदा खेळून पाहा. नियम कुठे अडतो ते तिथेच कळतं.

एक पथ्य मात्र पाळा. चादरीवरून उचललेला प्रत्येक खडा म्हणजे कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस होता, हे मुलांना एकदा तरी सांगा. आणि गावातल्या आजच्या भांडणांचा खेळ मांडू नका. त्या जखमा ओल्या असतात.

यंदा दिवाळीत पोरांनी किल्ला केला की त्यांच्या शेजारी जरा बसा. एक मावळा उचला, तळाला धरून बरं का, आणि विचारा, "याला गडावर खबर पोचवायची आहे. वाट कुठून काढशील?"