तालुक्याचे ठिकाण व शेतकऱ्याचे दप्तर

पुणे–सातारा महामार्गाने दक्षिणेस जाताना कापूरहोळ मागे पडले की थोड्याच वेळात किकवी लागते. पुढे सारोळे, त्यापुढे नीरा नदीचा पूल आणि पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातील शिरवळ. किकवी परिसरातील शेतकऱ्याचा पुष्कळसा व्यवहार ह्या एका सरळ वाटेवर चालतो. माल विकावयाचा तर उत्तरेस पुण्याचा मोठा बाजार आहे. गावातील उपचाराने जनावरास उतार पडला नाही तर दक्षिणेस शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. परंतु बांधाचा वाद निघून जमिनीची मोजणी मागावयाची असो, तहसीलदारांपुढे वाटपाचे प्रकरण चालवावयाचे असो की प्रांताकडे अपील करावयाचे असो, ह्या वाटेचा उपयोग संपतो. मोठ्या रस्त्याने जावयाचे झाल्यास शेतकऱ्यास कापूरहोळपर्यंत उलट यावे लागते व तेथून पश्चिमेस वळून भोर गाठावे लागते. व्यवहार एका दिशेस व दप्तर दुसऱ्या दिशेस, अशी ही स्थिती आहे.

तालुक्याचे ठिकाण भोर येथे का, ह्याचे उत्तर शेतकऱ्याच्या सोयीत शोधून सापडणार नाही. भोर ही पंतसचिवांची राजधानी होती. रोहिडा किल्ला जवळ, नीरेचे पाणी शेजारी आणि वरंध घाटाने महाडकडे उतरणारी कोकणची वाट गावावरून जाणारी, अशा जागी ती वसली. संस्थानचे तालुकेही विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशा किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सुधागड घाटाखालच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात गेला व राजधानीचे भोर पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तेव्हा पंचायत समितीही तेथेच बसली. कचेरी एकदा जेथे बसते तेथून ती सहसा हलत नाही. रस्ते मात्र हलतात. जुन्या वाटेचे महत्त्व कमी होऊन पुणे–सातारा रस्ता मोठा होत गेला, तेव्हा तालुक्याच्या पूर्वेकडील गावांचे तोंड फिरले. दप्तर होते तेथेच राहिले.

ह्याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांकडे पाहावे. तिकडे ह्या मैदानास प्रेअरी म्हणतात. १७८५ च्या कायद्याने तेथील जमिनीची आखणी पटावरील घरांप्रमाणे सुरू झाली : एक मैल लांब व एक मैल रुंद असा ६४० एकरांचा तुकडा आणि अशा ३६ तुकड्यांचा एक गट. १८६२ च्या कायद्याने त्या तुकड्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास मिळू लागला. ही जमीन ओसाड पडलेली नव्हती. ज्या आदिवासी जमाती तेथे राहत व शिकार करीत, त्यांस हुसकून ही आखणी झाली, हे विसरून चालणार नाही.

अशा अनेक गटांची मिळून कौंटी होते. ती आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारी व्यवस्था आहे. आयोवा राज्यात ९९ कौंट्या आहेत, कॅन्सस राज्यात १०५. आयोवातील अनेक कौंट्या सुमारे २४ मैल लांब व तेवढ्याच रुंद आहेत आणि कचेरीचे गाव बहुधा मधोमध असते. मध्यापासून समोरची सीमा १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर. सकाळी घोडागाडी जुंपून निघालेल्या शेतकऱ्याने कचेरीतील काम व बाजारहाट उरकून दिवेलागणीस घरी परतावे, असा त्यामागचा हिशेब होता. गावाच्या मध्यभागी चौक, चौकात न्यायालयाची इमारत, इमारतीत जमिनीच्या खरेदी–गहाणाची नोंदबुके आणि भोवती दुकाने, अशी ही छोटी गावे पुष्कळ ठिकाणी एकसारखी दिसतात.

नोंदबुके जेथे राहतील तेथेच दुकाने, वकील व पेढी येणार, हे त्या लोकांस पक्के ठाऊक होते. म्हणून कॅन्ससमध्ये १८८० नंतरच्या काळात कचेरीच्या मानासाठी शेजारची गावे एकमेकांच्या जिवावर उठली. ग्रे कौंटीत जानेवारी १८८९ मध्ये इंगल्स गावाच्या बाजूची सशस्त्र माणसे सिमरॉन गावी सरकारी दप्तर उचलून नेण्यास आली आणि भर गावात गोळीबार झाला. चार कागदी बुकांसाठी माणसाचा जीव जावा, हे ऐकावयास विचित्र वाटते. परंतु त्या बुकांत प्रत्येकाचे शेत होते.

पुढे मोटार आली, शेतांचे आकार वाढले, माणसे कमी झाली आणि घोडागाडीचा हिशेब कालबाह्य झाला. कौंट्यांच्या सीमा बहुतेक तशाच राहिल्या. तथापि १९१४ च्या कायद्याने तेथे एक गोष्ट झाली : कृषी महाविद्यालयाचे ज्ञान शेतापर्यंत नेण्यासाठी कौंटीगणिक कृषी सल्लागार नेमण्याच्या प्रथेस केंद्र सरकारचे कायमचे साहाय्य मिळाले. हा सल्लागार बसे तो बहुधा कचेरीच्या गावी. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी माणूस बसवून भागणार नाही, हे ओळखून ग्रामसेवकाची कल्पना पुढे आली. आपल्याकडे कचेरीचे अंतर शेतकऱ्याच्या गाडीने मोजून ठरलेले नाही. ते तोडण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे आले आहे.

हे अंतर कोठे तोडता येते, हे वारसाच्या नोंदीवरून चांगले कळते. खातेदार मृत्यू पावतो. दोन मुलगे जमीन कसतात, मुली सासरी असतात. कागदावर नाव वडिलांचेच राहते. "भोरला जाऊ कधी तरी" असे म्हणता म्हणता दहा वर्षे जातात. मग एखादा मुलगा पीककर्ज मागावयास जातो व त्याच्या नावे खातेच नसल्याचे त्यास समजते. महामार्गाच्या वा धरणाच्या कामासाठी भूसंपादन निघाले तर सूचना दप्तरातील नावाने निघते आणि मोबदल्याची रक्कम वारसांच्या वादात अडकून पडते. भोर तालुक्याने भाटघर पाहिले, नीरा–देवघर पाहिले, महामार्गाचे रुंदीकरणही पाहिले. बुडणाऱ्या वा जाणाऱ्या जमिनीवर आपला हक्क होता, हे दाखविण्यास सातबाराशिवाय दुसरा भक्कम आधार सामान्य कुटुंबापाशी क्वचितच असतो.

वस्तुतः ह्या नोंदीसाठी आरंभी भोरला जावेच लागत नाही, आणि हेच पुष्कळांस माहीत नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावयाची असते. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतात, त्याची प्रत चावडीवर लावतात व हितसंबंधितांस नोटीस देतात. १५ दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करू शकतात. हरकत आली तरच प्रकरण लांबते आणि कचेरीच्या खेपा सुरू होतात. प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे अपील करावयाचे झाल्यास ६० दिवसांची मुदत आहे.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. गावातील मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या बुकात होते व दाखलाही तेथूनच मिळतो. तो दाखला हाती देताना ग्रामसेवकाने "वारसाचा अर्ज तीन महिन्यांत द्या" एवढे सांगितले तरी पुढील पुष्कळ त्रास वाचतो. दुःखाच्या दिवसांत घरच्या माणसांस हे सुचत नाही आणि सुचले तरी बोलावयास संकोच वाटतो. बाहेरच्या जबाबदार माणसाने सांगणेच बरे.

अर्जात सर्व वारसांची नावे द्यावयाची असतात, मुलींचीही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीस जन्मतः हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली व केंद्राने २००५ मध्ये. तरीही बहिणींची नावे गाळण्याची चाल गावोगाव आढळते. त्याने घरातील कलह टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. आणि नंतर बहिणीने हरकत घेतली की तोच फेरफार भोरच्या कचेरीत वर्षानुवर्षे रेंगाळतो. एखाद्या बहिणीस हिस्सा सोडावयाचाच असेल तर तिने समजून–उमजून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, हा वेगळा मार्ग आहे. नाव गाळणे हा मार्ग नव्हे.

अलीकडे काही कामांपुरते अंतर खरोखरच कमी झाले आहे. सातबारा व ८–अ चे डिजिटल स्वाक्षरीचे उतारे संगणकावर मिळतात. ऑगस्ट २०२१ पासून ई–पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यास शेतात उभे राहून स्वतःच्या मोबाईलवर करता येते. उतारा हाती आल्यावर मात्र तो वाचावा : नावे, क्षेत्र व इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा. फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला दिसल्यास बँकेचा दाखला घेऊन तो कमी करण्याचा अर्ज द्यावा. मोजणीचे काम मात्र आजही भूमि अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयाचेच आहे. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या खातेदारांसही येते; ती मिळाल्यावर त्यांनी त्या दिवशी आपले कागद घेऊन बांधावर हजर राहावे.